मागच्या खुर्च्यांची फुगडी

लालबाग, दुसरा मजला
९ ऑगस्ट २०२४, नागपंचमी

रमे,

हे अक्षर बघून तुला वाटेल पोस्टमन घर चुकला. चुकला नाही. मीच आहे, जाई, खोली नंबर सतरा, तुझ्या भिंतीला भिंत. अकरा वर्षांत मी तुला फोन केला नाही नि तू मला केला नाहीस, आता एकदम करायची लाज वाटली. शिवाय फोनवर तू मधे बोलतेस, मला संपवू देत नाहीस. कागद गप्प ऐकून घेतो. चौथीपर्यंतची शाळा माझी, तेव्हा काना-मात्रा तपासत बसू नकोस.

पत्ता संघमित्राने दिला. अँटॉप हिलची ती उंच पोरगी, तुझ्या सुनेच्या, रुपालीच्या, ग्रुपात मंगळागौर खेळायची, आता माझ्या नातीकडे, आमच्या पूर्वीकडे येते. भांडून नाही हो सोडलं तिने. लालबाग तिच्या ऑफिसच्या वाटेवर पडतं म्हणून. रुपालीला तसं सांग, उगाच मनात धरायची.

लिहायचं कारण म्हणजे तुला बघितलं. पूर्वीच्या मोबाईलमधे. हिरवी नऊवारी, अंबाडा, अंबाड्यावर वेणी, मांडीवर सूप घेऊन बसलीस नि चौदा बायका तुझ्याभोवती झिम्मा खेळतायत. खाली लिहिलेलं, सोनपावलं ग्रुप, वडाळा, आमच्या रमाआजी. चाळीस हजार लोकांनी बघितलं म्हणे. एवढी माणसं आपल्या अख्ख्या चाळींच्या रांगेतसुद्धा नसतील. मला फार आनंद झाला. खरंच झाला. पूर्वीला म्हटलं, पुन्हा लाव. चार वेळा बघितलं. चौथ्या वेळेला दिसलं की तुझी नथ जरा मोठीच आहे, ओठावर येते, गाताना अडत नाही का? नि नऊवारी शिवलेली आहे, ते काष्ट्याची घडी बघून कळतं. तू शिवलेली घालायला लागलीस? पाच मिनिटांत नऊ वार नेसून पाण्याच्या लाईनीत उभी राहणारी तू. पण छान दिसतेस. अंगाने भरलीस. सुनेच्या हातचं मानवलं तुला.

सूप डाव्या हाताने वाजवतेस ते पण बघितलं. असो.

आमची पूर्वी, दीपकची मुलगी. तू गेलीस तेव्हा दोन वेण्या घालून जिन्यात खेळायची, ती आता सव्वीसची झाली. तिने पण ग्रुप काढलाय. नोकरी करून शनिवार-रविवार पोरी जमवते, गच्चीवर तालीम. लालबागच्या लेकी असं नाव ठेवलंय. नऊ जणी आहेत. मी त्यांना खेळ सांगते. काटवट कणा कुणाला धड येत नव्हता, बसफुगडीला तर दोघी आडव्याच झाल्या. आता येतं सगळं. पण रमे, कार्यक्रमांच्या सुपाऱ्या येत नाहीत गो. तुमच्या मागे लाईन, आमच्याकडे कुणी बघत नाही. पूर्वी म्हणते, आजी, श्रावणात मुंबईत इतके ग्रुप झालेत की एक झाकावा नि दुसरा काढावा. त्याच हिरव्या साड्या, त्याच नथी, तीच गाणी. मग लोक ज्याचं नाव ऐकलंय त्याला बोलावतात. हा श्रावण असाच गेला तर पोरी पांगतील.

गिरगावात मृणालिनीबाई म्हणून आहेत, त्यांच्या नव्या सुनेची मंगळागौर वीस तारखेला. मोठं घर, शंभर-सव्वाशे बायका येणार. त्यांनी तुम्हाला पण विचारलंय नि आम्हाला पण, हे मला कळलंय. पूर्वीला फोनवर म्हणाल्या, कशा शुद्ध बोलतात त्या, "तेच तेच नको आहे आम्हाला. तुमच्या ग्रुपमध्ये वेगळं काय आहे, एवढं एका वाक्यात सांगा."

पोरगी दोन दिवस ते एक वाक्य शोधतेय. काल म्हणते, "आजी, सगळ्यांनी गॉगल लावायचे का?"
मी म्हटलं, "लावा, गौर ओळखायची नाही तुम्हाला, परत जाईल."

तू काय सांगितलंस त्यांना? नाही, सांगू नकोस. मी सहज विचारलं.

श्रावण असल्यामुळे मासळी बंद. कफ परेडची कोळीण खालून हाक न मारता जाते, त्यानेच महिना मोठा वाटतो.

तुझी
जाई


लालबाग
१५ ऑगस्ट २०२४

रमे,

गिरगावची सुपारी आम्हाला मिळाली. तुला कळलंच असेल, पण माझ्याकडून कळावं म्हणून लिहिते. रुपालीला वाईट वाटलं असेल. तिला सांग, एक गेली तर दहा येतील, तुमचं काय, तुम्ही प्रसिद्ध.

ते एक वाक्य मी दिलं पूर्वीला. झालं असं, परवा संध्याकाळी ती वही घेऊन माझ्यापुढे बसली. मी मेथी निवडत होते. म्हणते, "आजी, तुमच्या वेळेला काय होतं जे आता नाही?"

मी म्हटलं, "आमच्या वेळेला बघणारं कुणी नव्हतं. सगळ्या खेळत होत्या. आता तुम्ही दहा जणी उड्या मारता नि शंभर जणी खुर्चीत बसून मोबाईल धरतात."

ती लिहायला लागली. मग मला आणखी जोर चढला. म्हटलं, "नि त्या शंभरातसुद्धा पुढच्या खुर्च्या वेगळ्या नि मागच्या वेगळ्या. पुढे सवाष्णी. मागे कोण बसतं बघितलंस कधी? नवरा गेलेल्या. नवऱ्याने टाकलेल्या. चाळिशी आली तरी लग्न नाही झालं त्या. त्यांना कुणी मागे बसवत नाही, त्या आपल्या आपणच जाऊन बसतात. त्यांना आधी उठवायचं. मग बाकीच्या आपोआप उठतात."

पूर्वीचं पेन थांबलं. म्हणाली, "हेच. आमच्या मंगळागौरीत मागच्या खुर्च्या नसतात. हेच आपलं वाक्य."

मृणालिनीबाईंना ते इतकं आवडलं की त्यांनी फोनवरच हो म्हटलं.

आता पूर्वी मला सगळीकडे नेते. म्हणते, हे आजीच्या डोक्यातून आलं. सीमा पण, आमची सून, जी मला भाजीत मीठ किती ते सुद्धा विचारत नाही, तिने शेजारी सांगितलं की आमच्या सासूबाईंची कल्पना आहे. मला बरं वाटलं. सत्तरीला आले गो, कधी तरी आपल्या डोक्यातून काही आलं असं कुणी म्हणावं.

तू म्हणशील, जाये, तुझ्या डोक्यातून? तर त्याचं असं आहे की चाळीतल्या गोष्टी सगळ्यांच्याच असतात. नळाचं पाणी जसं. कुणी पहिली कळशी लावली ते कोण लक्षात ठेवतं. माझ्या घोवाला जाऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं, गौरी बसल्या होत्या, गॅलरीत खेळ चालला होता नि मी दाराआड पीठ चाळत होते, चाळलेलंच पुन्हा चाळत होते. तेव्हा कुणीतरी आत आलं होतं. ते मला आठवतंय. मी विसरले असं समजू नकोस.

खाली मंडपाचं काम जोरात चाललंय, हातोड्यांनी डोकं उठलंय. पूर्वीने माझ्यासाठी साडी आणलीय. मी नेसणार, शिवणार नाही.

जाई


लालबाग
२१ ऑगस्ट २०२४

रमे,

काय सांगू तुला. काल गिरगावात जे झालं ते झालं.

हॉलमधे एसी. त्यात बायका शालू नेसून बसलेल्या, कुणाला घाम नाही, कुणाला हसू नाही. आमच्या पोरींनी झिम्मा केला, घागर फुंकली, टाळ्या पडल्या बेताच्या. मी मागे गेले. शेवटच्या ओळीत, अगदी दाराजवळ, मृणालिनीबाईंच्या सासूबाई. चौऱ्याऐंशी वर्षांच्या. पांढरी साडी, बारीक काठ, मांडीवर रुमाल. स्वतःच्या घरची मंगळागौर नि बाई दाराजवळ.

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. गुडघे किती करकरले ते मला ठाऊक. माझे दोन्ही पंजे उघडे करून त्यांच्या मांडीवर ठेवले नि गप्प बसून राहिले. ओढायचं नाही. उठा म्हणायचं नाही. वाट बघायची.

त्या म्हणाल्या, "अहो, माझे यजमान जाऊन एकतीस वर्षं झाली. मला कशाला."
मी म्हटलं, "माझे जाऊन अठ्ठावीस."
"मग तुम्ही धाकट्या," त्या म्हणाल्या नि हसल्या. हसल्यावर त्यांचा हात माझ्या पंजावर आला. आल्याबरोबर मी अंगठा आत घातला नि म्हटलं, "घट्ट धरा. पडलोच तर मी आधी पडेन."

उठल्या गो. पुढे आल्या, पोरींनी वाट केली, नि आम्ही दोघींनी फुगडी घातली. फुगडी म्हणजे काय, दोन फेरे, पाय घासत घासत. मग मृणालिनीबाई रडायला लागल्या, मग एक मधल्या ओळीतली उठली, मग एक जाड चष्म्याची, मग कोण कुणाचा हात धरतंय कळेना. खुर्च्या पोरींनी भिंतीला सारल्या. शेवटी वाढपी येऊन उभे राहिले, जेवायला कुणी जाईना.

संपल्यावर एक मुलगी मोबाईल घेऊन आली. म्हणाली, "आजी, ही मागच्या खुर्च्या उठवायची पद्धत कुणाची? नि ते 'मी आधी पडेन'?"

मी म्हटलं, "माझीच."

तेवढ्या गलक्यात तुझं नाव कुठे सांगत बसू? तुला कोण ओळखणार तिथे? म्हणजे ओळखतात, चाळीस हजार ओळखतात, म्हणूनच म्हटलं की तुला आणखी कशाला. तुझ्याकडे आहे ना पुष्कळ. आवाज तुझ्याकडे. कुठेही गेलीस की माणसं तुझ्याकडे. चाळीत पाहुणा आला तरी सतरा नंबर ओलांडून अठरात चहाला जायचा. मी चहा केलेला असायचा.

आज सकाळपर्यंत माझा व्हिडिओ लाखावर गेला. लाख, रमे. पूर्वी मला मिठी मारून नाचली. मला आनंदाने जेवण गेलं नाही.

नि एक. तुझ्या हाताचं जे झालं ते घामाने झालं. तू स्वतःच सगळ्यांना सांगितलंस की घामाने हात सुटला. मी उगाच लिहिते आहे, तू काही म्हणाली नाहीस.

जाई


लालबाग
३० ऑगस्ट २०२४

रमे,

तू उत्तर पाठवत नाहीस ते बरोबरच आहे. तरी लिहिते.

आधी चांगलं सांगते. सुपाऱ्या आल्या. परळ, दादर, माहीम, नि एक तुझ्या वडाळ्यातून, तुझ्याच सोसायटीतून, बी विंग. पूर्वीने मला नाव दाखवलं तेव्हा मी तीनदा वाचून घेतलं.

मग रविवारी तालमीला संघमित्रा आली. गच्चीत पोरी साडीचे काष्टे घालत होत्या, ही माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "आजी, रमाआजी आता कार्यक्रमाला येत नाहीत."

"का? बरं नाही?"

"बरं आहे. त्यांनी परवा वडाळ्याला एका बाईंना असंच उठवलं. मांडीवर हात ठेवून, तुमच्यासारखंच. रुपालीताईंनी ते टाकलं नि लोकांनी खाली काय काय लिहिलं. लालबागच्या आजीची नक्कल. स्वतःचं काही सुचत नाही का. रुपालीताई म्हणाल्या, आई, तुम्ही कुणाला उठवू नका, आपलं नाव खराब होतं. त्यावर रमाआजी म्हणाल्या, मग मी येऊन काय करू, सूप कुणीही वाजवेल."

खोटं कशाला लिहू. मला बरं वाटलं. दोन दिवस बरं वाटलं. गॅलरीत उभी राहिले की वाटायचं, आता सतरा नंबर दिसतो लोकांना.

मंगळवारी दादरला कार्यक्रम होता. मागच्या खुर्चीत एक मुलगी, पस्तिशीची असेल, आरोही नाव. नवऱ्याने दुसरं घर केलंय तिच्या. बहिणीच्या मंगळागौरीला आली होती नि पर्स छातीशी धरून बसली होती. मी समोर बसले, पंजे ठेवले. बराच वेळ काही नाही. मग तिने एक हात ठेवला, मग दुसरा, नि अगदी हळू विचारलं, "नीट धराल ना? सोडणार नाही ना मधेच?"

रमे, माझ्या तोंडून ते वाक्य आलंच नाही. पडलोच तर मी आधी. जीभ उचलेना. अंगठा आत जाईना. मी म्हटलं, जरा पाणी पिऊन येते, नि उठले, नि बाहेर जिन्यात जाऊन उभी राहिले. परत आले तेव्हा ती खुर्ची रिकामी होती. पूर्वी म्हणाली, "आजी, काय झालं? त्या ताई डोळे पुसत गेल्या."

आता लिहिते ते एका दमात लिहिते, थांबले तर राहून जाईल.

ती पद्धत तुझी. मी दाराआड पीठ चाळत होते तेव्हा आत आलीस ती तू. माझ्यासमोर बसलीस, पिठाची परात बाजूला केलीस, पंजे माझ्या मांडीवर ठेवलेस. बाहेर तुझी सासू ओरडत होती की रांडमुंड बाईला गौरीपुढे आणू नकोस. तू तिला म्हणालीस, "आत्याबाई, गौर बाई आहे, पोलीस नाही." नि मला म्हणालीस, "अंगठा आत घाल, जाये. पडलोच तर मी आधी पडेन." त्या दिवसापासून मी घराबाहेर पडायला लागले. नाहीतर कायमची आत राहिले असते. हे मी कुणाला सांगितलं नाही. पूर्वीला नाही, दीपकला नाही.

नि दुसरं. दोन हजार तेराच्या गौरी. दुपारची वेळ, गॅलरी गच्च. नव्या भाडेकरणी आल्या होत्या, त्या सगळ्या रमा, रमा करून टाळ्या वाजवत होत्या. फुगडीच्या आधी एक जण मला म्हणाली, "मावशी, जरा बाजूला व्हा ना, रमाकाकूंचा फोटो काढायचाय." मी झाले बाजूला. मग आपण फुगडी धरली. फुगडीत पाठ सगळ्यांकडे फिरत राहते, दोघींची सारखीच फिरते, पण त्या दिवशी मला वाटलं की सगळा वेळ माझीच पाठ आहे नि तुझंच तोंड. वेग आला. तू मान मागे टाकून हसत होतीस. तुझा सगळा भार माझ्या हातात होता. मला इतकंच वाटलं की एकदा, फक्त एकदा, सगळ्यांनी तुझ्याकडे बघून हसावं.

हात सुटला नाही. मी सोडला.

तू पाण्याच्या पिंपाच्या कडेवर आपटलीस. तो आवाज मला अजून येतो. पडल्या पडल्या, मनगट धरून, तूच म्हणालीस, "घामाने सुटला गो, कुणाचा दोष नाही." मी फक्त मान हलवली. इस्पितळात आले नाही. तुला भाकरी थापता येईना तेव्हा तुझ्या घरी भाकऱ्या पाठवल्या नाहीत. तुझ्या हितेंद्रने तुला वडाळ्याला नेलं तेव्हा ट्रक खाली उभा होता नि मी आत बसून परत पीठ चाळत होते.

पत्र टाकते आहे. फाडून टाकलंस तरी वाचून फाड.

जाई


लालबाग
८ सप्टेंबर २०२४, ऋषिपंचमी

रमे,

संघमित्रा तुझ्याकडे जाऊन आली. तुझा निरोप तिने शब्दाला शब्द सांगितला, दोनदा सांगायला लावला मी.

"जाईला सांग, घामाने हात सुटतो तेव्हा बोटं आधी निसटतात नि अंगठा शेवटी. तिचा अंगठा आधी निघाला. मला तेव्हाच कळलं होतं. मी अकरा वर्षं वाट बघत होते की ती येऊन सांगेल."

म्हणजे तुला ठाऊक होतं. पडताना ठाऊक होतं, तरी पडल्या पडल्या माझ्यावर पांघरूण घातलंस. पोरगी गेल्यावर मी रडले, नि रडून झाल्यावर तुझा राग आला. बघ ना, तिथेपण तूच मोठी झालीस. मनगट मोडून घेऊन मोठी झालीस. माझ्या वाट्याला काही ठेवायचंच नाही का तू?

हे लिहिलं तसंच ठेवते. तुला माझा स्वभाव नवा नाही.

आता मी काय केलं ते ऐक. पूर्वीला बसवलं नि सगळं सांगितलं, दोन्ही गोष्टी. ती उठून दार लावून आली. मग म्हणाली, "आजी, हात सोडल्याचं घरात ठेवूया. पद्धत त्यांची एवढंच सांगू. लोकांना ते पुरे."

मी म्हटलं, "सांगायचं तर पुरतं सांगायचं. अर्धं सांगून मी अकरा वर्षं काढलीत."

"नाव जाईल आपलं."

"जाईल. जे आपण दुसऱ्याच्या घरातून आणलं ते जाईल. काटवट कणा राहील, तो मी शिकवलाय."

रडली पोरगी. मग तिनेच मोबाईल धरला. गॅलरीत, तुझ्या अठरा नंबरच्या दारापुढे मी उभी राहिले, तिथे आता बँकेतला मुलगा राहतो, त्याची चप्पल बाजूला केली नि सांगितलं. मागच्या खुर्च्या उठवायची रीत वडाळ्याच्या रमाबाईंची, मी ती माझी म्हणून सांगितली. नि त्यांचा हात अधू झाला तो मी सोडला म्हणून, हेव्याने. सांगताना पदराला हात पुसत होते असं पूर्वी म्हणाली, मला कळलं नाही.

टाकला तिने. लोकांनी खाली लिहिलंय, मी वाचून घेत नाही. ऐकल्यापासून सीमा माझ्याशी जपून बोलते, जसं काही माझ्या हातात कात्री आहे. दादरच्या एकींनी नवरात्रातला भोंडला रद्द केला. तुझ्या सोसायटीतल्या बी विंगने तर आधीच नाही म्हटलं. एक पोरगी सोडून गेली. आठ जणी राहिल्या. मला वाटलं होतं पूर्वी माझ्यावर रुसेल, पण काल तालमीत तिने नवीनच सुरू केलं. कार्यक्रमाच्या आरंभी हात जोडून सांगायचं, आमची ही रीत रमाबाईंकडून आलेली आहे. मग खेळ. मला म्हणते, "आजी, खोटं वेगळेपण टिकत नाही. हे टिकेल." तुझं नाव ती घेते तेव्हा माझ्या छातीत अजून भाजतं. दर वेळेला भाजतं. पण मी पहिल्या ओळीत बसून ऐकते.

रुपालीने पूर्वीला फोन केला. आधी चांगली तासली, तासायलाच हवी होती. मग म्हणाली, "आई परत यायला तयार आहेत." मला कळलंय की काल तू बाप्पाच्या आरतीनंतर सोसायटीत एका म्हातारीला उठवलंस. संघमित्राने दाखवलं. चांगलं झालं. नथ लहान घातलीस, ते पण चांगलं झालं. डाव्या हाताने धरलीस तिला नि उजवा नुसता वर ठेवलास, तरी ती उठली.

ती दादरची आरोही, तिचा नंबर पूर्वीने मिळवला. मी माफी मागितली. म्हटलं, मी नाही धरू शकले, पण धरणारी आहे एक, वडाळ्याला. तिला तुझा पत्ता दिलाय. येईल कदाचित. आली तर तिला आधी पर्स खाली ठेवायला सांग.

आता मुद्द्याचं. गौरी मंगळवारी येतायत, बुधवारी पूजन. अकरा तारीख. दुपारी गॅलरीत खेळ आहे, चाळीतल्यांचाच, कार्यक्रम नाही. ये. जिना तोच आहे, कठडा नवा लावलाय. भाजणीचे वडे करीन, काळ्या वाटाण्याचं सांबार करीन, तुझ्यापेक्षा चांगलं होतं माझं, हे तू पण कबूल करतेस. मोबाईल कुणी काढायचा नाही, पूर्वीला बजावलंय. काढलाच तर दोघींचं तोंड दिसेल असा काढायचा.

पिंप हलवून जिन्याखाली ठेवलंय. गॅलरीत दोन गाद्या नि वर गोधडी घालणार आहे. फुगडी आपण बसून घालू, नाहीतर उभ्याने, तू म्हणशील तशी. तुझा डावा माझ्या डाव्यात घेईन, उजवा तुला झेपेल तेवढा दे. मी अंगठा आत घालीन. तू नको घालूस. तुझा मोकळा ठेव.

वेग आला की मी मान मागे टाकीन, डोळे मिटीन. या खेपेला सोडायचं की धरायचं, ते तुझ्या हातात.

वाट बघते.
जाई